सिस्टरबाईंना विचारा : साक्ष कुणाची?

आमच्या चर्चमधला कापणीचा सण, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा सण, जवळ आला की माझ्याकडे आभाराची पत्रं वाढतात. एरवी वर्षभर सासू, सून, गुडघे आणि जमिनीचे वाद. या महिन्यात मात्र पिशवीत निघाली ती बहुतेक ‘देवाने एवढं केलं, आता मी काय करू’ या जातीची. त्यातली तीन घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. तिसरं कोथरूडहून आलंय आणि मला फार आवडलंय.

पत्र पहिलं

सिस्टर, सलाम.

मी हडपसरला राहते. आमचे हे रिक्षा चालवतात. बारा वर्षं ते प्यायचे. आम्ही पिढीजात ख्रिस्ती, पण देवळात पाय टाकायचा तो नाताळला आणि कुणाच्या लग्नाला. साडेतीन वर्षांपूर्वी मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नेमाने जायला लागले आणि मग ह्यांना माणसं भेटली. आमच्या मागच्या गल्लीतले एक मामा आहेत, कंपनीतून रिटायर झालेले. ते रोज संध्याकाळी सात वाजता दारात यायचे आणि ह्यांना फिरायला न्यायचे. सात वाजता, कारण हे गुत्त्यावर जायचे ती वेळ तीच. पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नीने, माझ्या मुलीची एका वर्षाची फी भरली आणि आजवर कुणाला सांगितलं नाही. सव्वातीन वर्षं झाली, ह्यांनी थेंब घेतला नाही. घरात दिवा पेटतो, मूल हसतं. देवाचे उपकार मी कुठल्या तोंडाने नाकारू?

पण आता साक्षीचं सुरू झालंय, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. आधी घरोघरीच्या प्रार्थनेत सांगितली. मग दुसऱ्या दोन मंडळ्यांनी बोलावलं. येत्या कापणीच्या सणाला मोठ्या उपासनेत, माईकवर सांगायची आहे. हे सगळं सांगतात. माझं डोरलं विकलं ते, मी पाच महिन्यांची असताना लाथ मारली ते, पुढे काय झालं तेही. लोक रडतात. माझी मुलगी नववीत आहे, गायनसंघात बसते. मागच्या वेळी ती मधेच उठून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी भाजी घेताना दोघी बायका माझ्याकडे अशा बघत होत्या की मी कोथिंबीर न घेताच घरी आले.

आणि एक. हे दर वेळी म्हणतात, ‘एका रात्रीत देवाने माझी दारू सोडवली.’ एका रात्रीत नाही हो सुटली. ससून हॉस्पिटलात सहा दिवस होते, मग व्यसनमुक्ती केंद्रात पाच आठवडे, त्यानंतर दोनदा घसरले. मी म्हटलं, निदान एवढं तरी खरं सांगा. तर म्हणाले, ‘तुला देवाचे उपकार झाकायचे आहेत.’ मी कृतघ्न आहे का, सिस्टर?

(नाव देऊ नये)

उत्तर

मी तुझ्यापेक्षा तीस-पस्तीस वर्षांनी मोठी असणार, म्हणून ‘तू’ म्हणते. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाहीस.

आता नवऱ्याची बाजू. ती नाही असं नाही. बारा वर्षं ज्या माणसाकडे बघून लोकांनी रस्ता बदलला, त्याचं बोलणं आज शंभर माणसं मान खाली घालून ऐकतात. त्याला केवढं वाटत असेल! साक्ष देणं आपल्याकडे चांगलंच मानतात आणि ते आहेच चांगलं. मी स्वतः साक्षी ऐकत लहानाची मोठी झाले. पण लोकांच्या डोळ्यांतल्या पाण्याचीही चटक लागते बरं का. मागच्या वेळेपेक्षा या वेळी थोडं जास्त रडले पाहिजेत असं वाटायला लागलं की गोष्टीत मसाला पडत जातो. तुझा नवरा खोटारडा आहे असं मी म्हणत नाही. त्याला सवय नाही, एवढंच. हा माणूस तीन वर्षांपूर्वीपर्यंत हातात ग्लास धरून बोलायचा, आता माईक धरून बोलतोय. कुठे थांबायचं हे त्याला तेव्हाही कळत नव्हतं.

पण जो भाग तो सांगतो, तो सगळा त्याचा नाही. लाथ त्याची होती, पोट तुझं होतं. चोराने चोरीची कबुली जरूर द्यावी, पण ज्याच्या घरी चोरी झाली त्याचं कपाट चारचौघांत उघडून दाखवायचा अधिकार त्याला कबुलीने मिळत नाही. ‘मी घरच्यांना फार छळलं’ एवढं त्याचं. त्याच्या पुढचं वाक्य तुझं. ते तू कधी सांगावंस, कुणाला सांगावंस, की मरेपर्यंत सांगूच नये, हे तू ठरवायचं. तुझ्या मुलीपुरतं तिने.

माझ्या आजीचं सांगते. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपासमारीने मरायला टेकलेल्या पोरी-बायका घेऊन आल्या. त्यातल्या कितीतरी केडगावला त्यांच्या आश्रमात वाढल्या. माझी आजी त्यातली एक, सहा-सात वर्षांची असेल. तिला आपलं गाव आठवत नव्हतं. मराठी आमच्यासारखीच बोलायची, पण अंडी मोजताना हटकून हिंदीत मोजायची, तेवढीच काय ती खूण उरली होती. आम्ही दौंडला राहायचो, केडगाव आगगाडीने दोन पावलांवर. तिकडच्या सभांना तिला पुष्कळदा बोलायला उभं करायचे. लोकांना ऐकायचं असायचं ते दुष्काळाचं. आई कशी मेली, कुणी टाकलं, रस्त्यात काय पाहिलं. आजी त्यातलं काही सांगायची नाही. ती उभी राहायची आणि म्हणायची, ‘मला पहिल्या दिवशी ज्वारीची पेज दिली. पातळ होती. जिने दिली तिचा उजवा हात भाजलेला होता, फडकं बांधलेलं होतं, तरी तिने वाटी माझ्या तोंडाशी धरली.’ एवढं बोलून बसायची. दर वर्षी तेच. आम्ही पोरं कंटाळायचो. मी मिरजेला मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला गेले, पहिल्यांदा एका म्हातारीला चमच्याने भरवलं, तेव्हा मला ते फडकं आठवलं. आजीने आभार मानले होते ते त्या हाताचे. आधीचं जे होतं ते तिने स्वतःजवळ ठेवलं, आणि तिच्या साक्षीला कुणी कधी अपुरी म्हटलं नाही.

आता ते ‘एका रात्रीत’. याच्यावर मला तुझ्या नवऱ्याशी भांडायचंच आहे.

मी पुण्यात चौतीस वर्षं वॉर्डात काढली. रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकदम बंद केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. हात थरथरतात, घामाने चादर भिजते, भिंतीवर किडे दिसतात, कॉटखाली कुणी लपलंय असं वाटतं. फिट येते. वेळेवर सलाइन, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, झोपेची औषधं मिळाली नाहीत तर माणूस जातोसुद्धा. म्हणून तर त्याला सहा दिवस ठेवलं होतं. ते सहा दिवस आठ-आठ तासांच्या पाळ्यांनी कुणीतरी त्याची नाडी बघत होतं. कुणीतरी त्याचे पाय बांधले असतील आणि सकाळी सोडले असतील. त्याच्या शिव्या खाल्ल्या असतील. नंतर केंद्रातले पाच आठवडे. आपल्या येरवड्याला 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून पुण्यातल्या कित्येक घरांना माहीत आहे की व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. आणि मग ते दोनदा घसरणं. ते घसरणं साक्षीतून गाळायचं कशाला? मला विचारशील तर सगळ्यात मोठं आश्चर्य तिथेच आहे. तिसऱ्यांदा मामा परत सात वाजता दारात उभे होते!

देवाने सोडवलं असं तो म्हणतो. म्हणू दे, मीही तेच म्हणते. पण देवाने जे हात वापरले ते झाकून ठेवायचे आणि वर म्हणायचं की बायको उपकार झाकते, ही उलटी गंगा झाली.

शिवाय मागच्या बाकाचं काय? प्रत्येक देवळात मागच्या बाकावर एक बाई असते. तिचा नवरा त्या क्षणी घरी पिऊन पडलेला असतो. काही वर्षांपूर्वी अशीच एक ‘एका रात्रीत’वाली साक्ष झाली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि माझ्या शेजारच्या बाईने मला हळूच विचारलं, ‘सिस्टर, माझी प्रार्थना नेमकी कुठे कमी पडते हो?’ ती अकरा वर्षं प्रार्थना करत होती. तिला त्या दिवशी कुणी माईकवरून सांगितलं असतं की बाई, हॉस्पिटलात न्या, मग केंद्रात न्या, घसरला तर परत न्या, संध्याकाळी सातला कुणाला तरी दारात उभं करा, तर ती काहीतरी घेऊन घरी गेली असती. ती गेली ती अपराध घेऊन.

लूकच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही बरे होतात, आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे परका. या गोष्टीवर मी इतकी प्रवचनं ऐकली आहेत की मोजदाद नाही, आणि प्रत्येकात त्या नऊजणांना झोडपलेलं असतं. माझा त्या नऊजणांवर राग नाही. डिस्चार्जच्या दिवशी पेशंट कसा पळतो ते मी पाहिलंय. महिनाभर ज्याला आम्ही उलटं-पालटं केलं तो जाताना वळूनही बघत नाही, कारण खाली रिक्षा उभी असते आणि घरी पोरं वाट बघत असतात. घरी जायची घाई हा गुन्हा नाही. दहातला एखादा पंधरा दिवसांनी पेढ्यांचा पुडा घेऊन येतो, तेव्हा बरं वाटतं, हे खरं. पण तो एकजण परत येऊन करतो काय ते बघ. ज्याने बरं केलं त्याच्या पायाशी जातो. सभा भरवत नाही. तुझ्या नवऱ्याने दोन परक्या मंडळ्यांत जाऊन साक्ष दिली; ससूनच्या त्या वॉर्डात तो परत गेला का? मामांच्या घरी, मामींसमोर, ‘तुमचा नवरा मी रोज संध्याकाळी तुमच्याकडून नेला’ असं म्हणाला का?

आणि तुझ्याकडे आला का? हे मी मुद्दाम शेवटी विचारते. माफी माईकवर मागितली की मागितल्यासारखी होते, पण ज्याची मागायची तो चौथ्या बाकावर पदर तोंडाला लावून बसलेला असतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या संघटनेच्या, मीटिंगला तो जात असेल तर त्याला त्यांच्या बारा पायऱ्या ठाऊक असतीलच. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन अशा दोन दारुड्यांनी ते काम सुरू केलं, त्या लोकांना माणसाच्या खोडी चांगल्या माहीत होत्या. नववी पायरी भरपाईची आहे. ज्यांना दुखावलं त्यांची थेट भरपाई करायची, पण तसं करण्याने त्यांनाच किंवा आणखी कुणाला इजा होणार असेल तर नाही. ही पुस्ती त्यांनी उगीच जोडलेली नाही. त्याच्या स्पॉन्सरशी, म्हणजे मीटिंगमधल्या त्याच्या मार्गदर्शकाशी, या एका वाक्याबद्दल बोल म्हणावं. तू सांगितलेलं टोचेल, त्याचं ऐकेल.

माझं म्हणणं असं : त्याने साक्ष द्यावी. दोन मिनिटांची. कागदावर लिहून काढावी आणि आदल्या रात्री तुला आणि मुलीला वाचून दाखवावी. तुम्ही दोघी जे वाक्य खोडाल ते खोडलेलं राहील. मी एक मासला देते, त्याने आपल्या भाषेत करावा :

‘मी बारा वर्षं प्यायलो. घरच्यांना फार त्रास दिला. त्याची माफी मी घरी मागितली आहे आणि ती गोष्ट घरचीच आहे. मंडळीने मला हॉस्पिटलात नेलं. तिथल्या सिस्टर आणि डॉक्टरांनी मला जगवलं. पाच आठवडे केंद्रात होतो. त्यानंतर दोनदा प्यायलो. दोन्ही वेळा मामा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता आले. मी अजून मीटिंगला जातो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं असेल तर उपासनेनंतर मला बाहेर भेटा, मी रिक्षाजवळ थांबतो. देवाचे आभार.’

लोक कमी रडतील. पण उपासनेनंतर रिक्षाजवळ कुणीतरी नक्की येऊन उभं राहील.

पाळकीणबाईंच्या फीचं मात्र त्याला सांगू देऊ नकोस. त्यांनी झाकून ठेवलंय ते झाकलेलंच राहू दे. आणि आधी त्यांच्याशीच जाऊन बोल. पाळकसाहेबांना ही गोष्ट त्यांच्याकडून गेलेली बरी. मुलीला गायनसंघ सोडू देऊ नकोस. तुझ्यासाठीही मीटिंग आहे, व्यसनी माणसाच्या घरच्यांची, अल-अॅनॉन म्हणतात. तिथलं बोललेलं तिथेच राहतं. एकदा जाऊन तर ये. आणि हे लिहायलाच हवं म्हणून लिहिते : हात परत कधी उचलला गेला तर प्रार्थनेची वाट बघायची नाही, 181 किंवा 112 फिरवायचा. देवाला राग येत नाही.

पत्र दुसरं

सिस्टर, मी पिंपरीचा. दहावीनंतर वाईट पोरांच्या नादाला लागलो होतो, एकदा चौकीवर रात्रही काढली. मंडळीच्या तरुण संघाने मला सावरलं. एक दादा दर गुरुवारी देवळाच्या मागच्या खोलीत गणित शिकवायचे, म्हणून आयटीआय झाला. आता चाकणला नोकरी लागली आहे. आमच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक जण म्हणतात, पहिला अख्खा पगार प्रथमफळ, म्हणजे पहिल्या कमाईचं अर्पण, म्हणून द्यायचा, आणि तो त्यांच्या खात्यावर पाठवायचा, ते पुढे पोचवतील. ‘देव नसता तर आज तू आत असतास’ असं सारखं ऐकवतात. घरी आईचं ऑपरेशन व्हायचं आहे. काय करू?

उत्तर

आईचं ऑपरेशन कर.

प्रथमफळ द्यायची रीत जुनी आहे आणि ज्याला द्यावंसं वाटतं त्याने जरूर द्यावं. पण ते कुणाच्या खासगी खात्यावर जात नाही, मंडळीच्या खात्यावर जातं, खजिनदार पावती देतो आणि वर्षाच्या सभेत हिशेब वाचला जातो. पावती मिळणार नसेल तर पैसे देऊ नकोस. नम्रपणे म्हण, ‘पाकीट मी स्वतः अर्पणाच्या थैलीत टाकीन.’ चेहरा बघ काय होतो ते.

जो माणूस तुला तुझी चौकीवरची रात्र उठता-बसता आठवून देतो, त्याने तुला सावरलेलं नाही. ज्याने सावरलं तो गणित शिकवत होता.

आमच्या लहानपणी कापणीच्या सणाला दौंडच्या देवळात लिलाव व्हायचा. शेतकरी ज्वारीची कणसं आणायचे, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. रेल्वेतल्या लोकांकडे शेत कुठलं, ते बाजारातून वांगी विकत घेऊन आणायचे आणि वेदीजवळ ठेवायचे. एकदा आमच्या आईने दोन अंडी दिली, घरात तेवढीच होती. ती लिलावात एका गार्डसाहेबांनी पाच रुपयांना घेतली आणि आईलाच परत दिली. तेव्हा पाच रुपयांत काय काय यायचं! सगळे हसले, आई लाजली, आणि आम्ही रात्री ती अंडी खाल्ली. द्यायचं ते असं असतं, पोटावर पाय देऊन नाही. आता पुण्यात लिलावाला पपई पाचशेला जाते, मजा तीच.

तुला काही करायचंच असेल तर गुरुवारच्या खोलीत जा. दादांना विचार, आठवीची पोरं कोण घेणार. तुझ्यासारखी दोन-तीन अजून असतीलच तिथे.

पत्र तिसरं

सिस्टरबाई, नमस्कार.

मी कोथरूडचा, पण नोकरीमुळे बंगळूरला असतो. एप्रिल 2021 मध्ये आई-बाबा दोघेही कोविडने आजारी होते आणि मी तिकडे अडकलो होतो. सोसायटीने दार बाहेरून बंद केल्यासारखंच केलं होतं. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने खडकीला आपल्या मावशीला फोन केला. दुसऱ्या दिवसापासून सतरा दिवस फाटकाला डबा अडकवलेला असायचा. त्या आणि त्यांच्या चर्चमधल्या बायका आळीपाळीने करत होत्या, स्कूटरवरून एक जण आणत असे. बाबा गेले. आई वाचली. आईला त्या बायकांचे चेहरेही माहीत नाहीत, फक्त हेल्मेट माहीत आहे. पण डबा तिला दिवसागणिक आठवतो. एका दिवशी शेपूची भाजी होती, लसणाच्या फोडणीची. आईला चार दिवस कशाची चव नव्हती, ती त्या दिवशी आली.

इतकी वर्षं झाली, आम्ही आभार मानलेले नाहीत याची मला लाज वाटते. आई आता म्हणते, मला त्या देवळात ने. आमच्याकडे काही नातेवाईक म्हणतात, ‘तिकडे कशाला? फोन कर, संपव.’ आम्ही गेलो तर चालेल का? बाप्तिस्मा नसताना आत बसता येतं का? काय न्यायचं? आणि उशीर फार झालाय का?

उत्तर

उशीर झालाय. तरी जा.

नातेवाइकांना जुनी गोष्ट सांगा. 1890 साली गुरुवार पेठेत पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले अशी बडी मंडळी जमली होती. समोर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी नाही, पण पुढे नावं छापून आली आणि पुण्यात असा गहजब झाला की प्रकरण धर्मपीठापर्यंत आणि प्रायश्चित्तापर्यंत गेलं. एका कप चहासाठी! मी कधी पंचहौदाला उपासनेला गेले आणि देवळापासून वेगळा उभा असलेला तो घंटेचा मनोरा दिसला की मला हटकून तो चहा आठवतो. तुमच्या आईंनी तर सतरा दिवस आमच्याकडचं जेवण जेवलंय. प्रायश्चित्ताची मुदत कधीच टळली, आता निर्धास्त या.

आत बसायला बाप्तिस्मा लागत नाही. रविवारी सकाळी उपासनेच्या दहा मिनिटं आधी जा, वेळ मात्र मैत्रिणीकडून विचारून घ्या. चपलांचं आमच्यात एक मत नाही. काही देवळांत बाहेर काढतात, काही ठिकाणी घालून बसतात. दाराशी बघायचं आणि तसं करायचं. उभं राहा म्हटलं की लोक उभे राहतील, आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी बसून राहावं, कुणी काही म्हणत नाही. प्रभुभोजनाचा रविवार असेल तर लोक भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे जातील. ते बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर आपली श्रद्धा स्वतः जाहीर करायचा विधी) झालेल्यांसाठी असतं, तुम्ही जागेवर बसा, त्यात अवघडण्यासारखं काही नाही; आमची लहान पोरंसुद्धा बसलेली असतात. थैली फिरेल. त्यात टाकलंच पाहिजे असं नाही. टाकावंसं वाटलं तर पाकिटावर ‘आभार’ लिहा आणि बाबांचं नाव लिहा. कित्येक देवळांत आभाराची पाकिटं नावानिशी वाचून दाखवतात. बाबांचं नाव तिथे मोठ्याने उच्चारलं गेलं तर आईंना बरं वाटेल असं मला वाटतं. तुम्ही त्यांना आधी विचारा, अचानक ऐकू आलं तर त्या हेलावतील.

काय न्यायचं, तर पेढे नेऊ नका, निम्म्या बायकांना साखर आहे. बाकरवडी न्या. कोथरूडहून येताय म्हटल्यावर त्यांची अपेक्षा तीच असणार. एक गोष्ट मात्र जरूर न्या : त्यांचा डबा तुमच्याकडे राहिला असेल. सतरा दिवसांत एखादं झाकण, एखादी स्टीलची वाटी नक्की राहते. शोधा स्वयंपाकघरात. ती घासून, रिकामी न देता काहीतरी घालून परत करायची. हे तुमच्याकडे आणि आमच्याकडे सारखंच आहे.

त्या मावशी कदाचित म्हणतील, ‘आम्ही काही केलं नाही हो, सगळं देवाने केलं.’ आमच्या बायकांना तसं म्हणायची सवय आहे, आणि त्या मनापासून म्हणतात. तुम्ही होय म्हणून माघारी फिरू नका. आईंना बोलू द्या. किती वाजता डबा यायचा, पोळ्या कशात गुंडाळलेल्या असायच्या, बाबांनी शेवटचं काय खाल्लं. ऐकणाऱ्यांतही कुणीतरी त्याच वर्षी आपलं माणूस गमावलेलं असेल, हे ध्यानात असू द्या आणि घाई करू नका. उपासनेनंतर अंगणात चहा असतो, तिथे बरं बोलता येतं. तो फार गोड असतो, आधी सांगून ठेवते.

आणि शेपूची भाजी कुणी केली होती ते आधी शोधून काढा. सतरा दिवसांत दहा-बारा हात लागले असतील, पण लसणाची फोडणी एकीचीच असणार. ती बहुतेक मागे कपबशा विसळत उभी असेल. नाव कळलं की मला कळवा, मलाही कृती हवी आहे.